दोघांचे काटे

१ मार्च, रविवार

चौतीस मिनिटं! आणि पुन्हा माझ्यामुळे.

डायव्ह संपवून बोटीवर चढलो. अंगावरचं ओझं उतरवायच्या आधीच नवऱ्याने जाहीर केलं, "मंडळी, आमच्या भात्याची हवा संपली." सगळे हसले. लोहाराचा असतो तो भाता. हे माझं नाव. क्लबात नवीन येणाऱ्याला माझं खरं नाव कळायला सहा महिने लागतात.

खरं काय ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहायची सोय नाही. वर येताना टाकीतली हवा दाखवणारा माझा काटा एकशेदहावर होता. त्याचा पन्नासवर.

टाकी दोनशेची भरून खाली जायचं. पन्नास उरले की वर यायचं. आणि जोडीतल्या एकाचे पन्नास झाले की दुसऱ्यानेही यायचं, मग त्याच्याकडे कितीही हवा असो. म्हणजे जो जास्त हवा खातो तो दुसऱ्याची डायव्हही खातो. आमच्यात तो खातो. पाण्यात उतरला की जिना चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकतो. पण त्याच्या दोन्ही हातांत कॅमेरा, म्हणून दोघांचे काटे मी वाचते. त्याच्या बगलेतली काट्याची नळी ओढायची, बघायचं, सोडून द्यायची. त्याचे पन्नास झाले की मी माझ्या छातीवर बोट ठेवते — माझी संपली. मग अंगठा वर. तो मान हलवतो. वैतागलेला माणूस पाण्याखालीही वैतागलेलाच दिसतो.

अकरा वर्षं हे चाललंय.

सुरुवात मीच केली. शिकत होतो तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "साहेब, टाकी गळतेय की तुम्ही?" ऑफिसात तीस माणसं याच्यासमोर उभी राहतात! आठ दिवस बोलला नाही. मास्तरांशी नव्हे — माझ्याशी. ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून जेवायचा. पुढच्या डायव्हला त्याचा काटा पन्नासवर आला आणि माझं बोट आपोआप माझ्या छातीकडे गेलं. म्हटलं, एकदाच. घरात शांतता तरी राहील.

शांतता राहिली. मी भाता झाले.


३ मार्च, मंगळवार

दुकानात एक आजोबा आले. तक्त्यावरची सगळ्यात खालची, बारीक ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मला शंका आली. दुसरा तक्ता लावला. तरी तीच ओळ म्हणाले! पाठ करून आले होते, मुलाने गाडी चालवू द्यावी म्हणून. मी मुलाला आत बोलावलं आणि सांगितलं, यांना रस्ता काय, फूटपाथही दिसत नाही. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची गाडीच चोरली. मला जराही वाईट वाटलं नाही.

एकवीस वर्षं चष्मे करतेय. माणसं डोळ्यांबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं वयाबद्दलही बोलत नाहीत.

घरी तेच. बावन्नाव्या वर्षी हा वर्तमानपत्र हातभर लांब धरतो आणि म्हणतो, हल्ली छपाई फार वाईट झालीय. बायको चष्मेवाली, पण चष्मा घालणार नाही! चष्मा म्हणजे म्हातारपण. आज सकाळी ब्रशवर माझं टाचांच्या भेगांचं मलम घेतलं. मी बाजूलाच उभी होते, आरशात बघत होते. दोनदा खळखळून चूळ भरली त्याने, मग ब्रशचा वास घेतला.

घराणंच तसलं. माझी नणंद, याची थोरली बहीण, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. सात वर्षांपूर्वी हाच तिच्यासाठी चिठ्ठी घेऊन आला होता — जवळचा नंबर, प्लस दोन, अर्धचंद्रासारखी छोटी फ्रेम पाहिजे, नाकावर टेकवायची असते तसली. मी स्वतः घासून दिला. डाव्या काचेच्या कडेला माझ्या हातून टवका उडाला होता. घरचंच काम, फ्रेमखाली झाकलं जाईल, म्हणून तसाच दिला. वन्संनी तो चष्मा एकदाही घातला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "कसला चष्मा?" आणि नुसत्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवून दाखवला. फुकटात केलेल्या वस्तूची ही किंमत!


५ मार्च, गुरुवार

तो गुणगुणतोय. हा गुणगुणायला लागला की माझ्यावर काहीतरी येणार असतं.


६ मार्च, शुक्रवार

आलं!

जेवणाच्या टेबलावर मधोमध एक छोटी टाकी. पिवळी, दंडाएवढी जाड, तिला स्वतःचा छोटा काटा आणि स्वतःची नळी. वन्संना खालून मुद्दाम बोलावलं होतं. "तुझ्यासाठी आणलीय," म्हणाला. मोठ्या टाकीतली हवा संपली की हिच्यावर यायचं, आणखी दहा-बारा मिनिटं मिळतात. म्हणजे त्याला दहा-बारा मिनिटं मिळतात. वन्संनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, बायकोसाठी श्वास विकत आणणारा नवरा पहिल्यांदाच बघतेय. मग टाकी मांडीवर घेऊन बसल्या, बाळ घेतल्यासारखी.

ती वाहायची कोणी? मी. माझ्या मोठ्या टाकीच्या बाजूला पट्ट्याने बांधायची. माझा डावा खांदा गेल्या वर्षापासून दुखतो, हे मी म्हटलं. तो म्हणाला, पाण्यात वजन लागत नाही. बोटीपासून क्लबाच्या गोदामापर्यंत पाणी नसतं, हे मी म्हटलं नाही.

आता खरी पंचाईत! खाली पन्नास होणार त्याचे. जास्तीची हवा माझ्या अंगावर. त्याला ती द्यायची कशी — त्याला न कळता?


८ मार्च, रविवार

जमलं! माझ्याच डोक्याची मला कमाल वाटली.

टाक्या भरून देणारे काका आमची बोटही चालवतात. निघताना त्यांच्यासमोरच मी म्हटलं, नवीन वस्तू आहे, दोघांनाही तिची सवय हवी. मग खाली पाच-दहा मिनिटं तूही तिच्यावर श्वास घेऊन बघ, सराव म्हणून. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, हो, सराव पाहिजेच.

तेहतिसाव्या मिनिटाला त्याचा काटा पन्नासवर. मी छातीवर बोट ठेवलं, छोट्या टाकीची नळी तोंडात घेतली, चार श्वास घेतले. मग ती त्याच्यापुढे केली — सराव. त्याने घेतली. पुढची अकरा मिनिटं तो माझ्या डाव्या बाजूला कॅमेरा घेऊन तरंगत होता, माझ्या काखेतून श्वास घेत. वासरासारखा लुचत होता म्हटलं तरी चालेल. तोंडावर तो आरशाचा मास्क. बाहेरून आरसा, आतून काच. सात-आठ वर्षांपूर्वी घेतला तेव्हापासून पाण्याखाली मला त्याचे डोळे दिसलेले नाहीत. त्याच्याकडे बघितलं की मी दिसते. गाल फुगलेली, केस वर गेलेली.

सेहेचाळीस मिनिटं! बोटीवर चढल्या चढल्या: "बघा मंडळी, भात्याला ठिगळ लावलं. सेहेचाळीस!" टाळ्या. माझी पाठ थोपटली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर.

काका प्रत्येक टाकीवर खडूने उरलेली हवा लिहितात, परत भरायला सोपं जावं म्हणून. माझ्या टाकीवर नव्वद लिहिलं. त्याच्यावर चाळीस. छोटीवर पाच. लिहून झाल्यावर फडक्याने तिन्ही आकडे पुसले. काकांना सगळं माहीत आहे. भरणाऱ्याला कळणारच, कोण किती रिकामं करून आणतं ते. पहिल्या वर्षीच मी त्यांना हात जोडले होते — बोलू नका. ते बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझ्याशी बोलताना खालीच बघतात.


११ मार्च, बुधवार

क्लबातले सातजण जेवायला. त्याने नक्कल केली.

खुर्ची ओढून मध्ये ठेवली, तिच्यावर उशी. उशी म्हणजे मी. दोन्ही बाजूंनी ती दाबायची आणि तोंडाने आवाज काढायचा — फस्स, फुस्स. मग डोळे मोठे करून छातीवर बोट, अंगठा वर. माझं बोट अगदी तसंच वाकडं! निरीक्षण चांगलं आहे त्याचं. वन्संना हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ते मीच दिलं.

एकटी दातांची डॉक्टर हसली नाही. तीस-बत्तीसची असेल, जानेवारीतच क्लबात आलीय. दोनशेची टाकी घेऊन जाते आणि दीडशे परत आणते, एवढा शांत श्वास. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "याला म्हणतात डायव्हर." तिने मान खाली घालून जेवण उरकलं. मला राग आला. त्याचा नव्हे — तिचा. हसली असती तर बरं झालं असतं. न हसणाऱ्या माणसासमोर फजिती जास्त होते.

ते गेल्यावर भांडी घासताना मी मोजलं. एका डायव्हला एकदा, वर्षाच्या साधारण तीस, अकरा वर्षं. तीनशे तीस वेळा माझं बोट माझ्या छातीवर.


१५ मार्च, रविवार

आज डायव्ह नाही, वारा होता. बातमी मात्र आहे.

बुडालेल्या जहाजावर जायचं, एकोणतीस तारखेला. चोवीस मीटर. तिथे इंजिनाच्या खोलीत एक म्हातारा हेकरू मासा राहतो, माणसाएवढा. त्याचा फोटो याला क्लबाच्या प्रदर्शनासाठी पाहिजे. मासा लाजरा. म्हणजे तळाशी जाऊन गप्प बसायचं, तो बाहेर येईपर्यंत. पाऊण तास तरी पाहिजे.

"भात्याला घेऊन हे होणार नाही," असं सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, जणू भाता दुसरीच कुणी आहे. तो डॉक्टरीणबाईंबरोबर जाणार. मी बोटीवर बसायचं. टॉवेल आणि चहाचा थर्मास सांभाळायचा.

"आणि छोटी टाकी?" मी विचारलं.

"ती तुझ्यासाठी होती. आम्हाला कशाला?"

आम्हाला!


१६ मार्च, सोमवार

मला आनंद होतोय. लिहून ठेवते, नंतर नाकबूल करायला नको. सकाळपासून दुकानात मला आनंद होतोय.

चोवीस मीटरवर तर तिसाव्याच मिनिटाला त्याचे पन्नास होणार. मग चाळीस, तीस. त्याला जवळचं दिसत नाही, त्यामुळे काटा बघितला तरी कळणार नाही. डॉक्टरीण स्वतःचा काटा बघेल, तिच्याकडे भरपूर असेल, ती कशाला याचा बघतेय? मग एक श्वास जड येईल, पुढचा त्याहून जड. मग तो तिची नळी मागेल. तिच्या काखेत लटकून वर येईल, बोटीवर सगळ्यांसमोर, काटा शून्यावर. मी थर्मासमधून चहा ओतेन आणि विचारेन, "साहेब, टाकी गळतेय की तुम्ही?"

हे वाक्य आज मी तक्त्यासमोर उभं राहून दोनदा म्हणून बघितलं. आतल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, मला म्हणालात का?


१९ मार्च, गुरुवार

जेवताना एकदा प्रयत्न केला. मनापासून नव्हता, पण केला. म्हटलं, तिकडे तुझा काटा कोण बघणार?

म्हणाला, "माझा काटा बघावा लागतो का कधी? तू बघत होतीस ते तुझ्यासाठी."

इथे सांगता आलं असतं. तोंडात घास होता, तो गिळला, तोंड रिकामं झालं, तरी बोलले नाही. त्याने आणखी वाढायला सांगितलं. मी वाढलं.


२२ मार्च, रविवार

मेला तर?


२३ मार्च, सोमवार

दुकान बंद ठेवून काकांकडे गेले. कंप्रेसर धडधडत होता, काकांनी तो बंद केला. म्हणजे त्यांना माहीत होतं मी कशाला आलेय.

म्हणाले, "ताई, सांगून टाका. नाहीतर मी सांगतो."

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत तर मी म्हणेन काका खोटं बोलतात. आणि क्लबात सगळे माझंच ऐकतील, कारण अकरा वर्षं मी हेच बोलत आलेय. काका खाली बघत राहिले. त्या म्हाताऱ्या माणसाला मी असं बोलले! बरं वाटलं नाही, पण शब्द परत घेतला नाही.

मग मला जे हवं होतं ते मागितलं. छोटी टाकी पूर्ण भरायची. दोरी बांधून बोटीखाली पाच मीटरवर सोडून ठेवायची. वर येताना तिथे सगळे तीन मिनिटं थांबतातच. कमी पडलीच तर हवा तिथे असेल. त्याला सांगायचं नाही. म्हणजे मरणार नाही, पण फजिती पुरेपूर होईल.

काका म्हणाले, "चोवीस मीटरवर कमी पडली तर?"

"तर डॉक्टरीण आहे."

"तुम्हाला साहेबांचा एवढा राग आहे?"

कुणी सरळ विचारलं की राग केवढा आहे ते कळतं. माझा फार मोठा निघाला.


२५ मार्च, बुधवार

तो रोज रात्रीच्या जेवणानंतर खुर्चीत बसून श्वास धरायचा सराव करतोय. मला घड्याळ लावायला सांगतो. आज बावन्न सेकंद झाले. मी साठ सांगितले.


२८ मार्च, शनिवार

दुपारी मन फिरलं.

दुकानात बसल्या बसल्या एक उपाय सुचला. इतका सोपा की अकरा वर्षं कसा सुचला नाही याची लाज वाटली. मास्कच्या काचेला आतून, खालच्या बाजूला, जवळच्या नंबराची छोटी काच चिकटवायची. पाण्यातले म्हातारे बरेचजण असं करतात, मी दोघांना करून दिलंय. मग त्याचा काटा त्याला दिसेल. त्याचं तो बघेल. मला काही सांगावं लागणार नाही, त्याला काही ऐकावं लागणार नाही. पन्नास झाले की स्वतः वर येईल.

खरं लिहायचं तर मला हेही कळेना, की ही दया आहे की आणखी मोठी शिक्षा. पहिल्यांदा स्वतःचा काटा वाचणं! चोवीस मीटरखाली, एकटं!

प्लस दोनच्या दोन काचा कापल्या, कडा गोल केल्या, पुडीत घालून घरी आणल्या. तो आंघोळीला गेलेला. मास्कची पेटी कपाटातून काढली, आणि तेवढ्यात तो टॉवेल गुंडाळून दारात.

"तिला हात लावू नकोस. किती वेळा सांगितलंय?"

हे खरं आहे, त्याच्या मास्कला कुणी हात लावायचा नाही. पुसतो तोच, ठेवतो तोच. काचेवर ओरखडा येतो म्हणे. मी म्हटलं, पुसून देत होते. त्याने पेटी माझ्या हातातून काढून घेतली. भिजलेल्या हातांनी. म्हणाला, तू थर्मास पूस.

पुडी माझ्या पर्समध्ये आहे. मी प्रयत्न केला. आता माझ्याकडून मी मोकळी.


२९ मार्च, रविवार

आज झालं ते आजच लिहायला हवं.

ऊन होतं, पाणी तेलासारखं. ते दोघे सव्वानऊला उतरले. काकांनी गुपचूप पिवळी टाकी दोरीने सोडली. बाकी जोड्या जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. मी थर्मास मांडीवर घेऊन घड्याळ बघत बसले. वन्संही आल्या होत्या, भावाचा पराक्रम बघायला. बिस्किटं खात होत्या आणि मला सांगत होत्या की लहानपणी तो विहिरीत सगळ्यात जास्त वेळ राहायचा.

वीस मिनिटं. पंचवीस. अठ्ठावीस झाली आणि मला एकदम त्याच्या पायांची आठवण झाली. झोपेत पाय एकावर एक टाकतो, लहान मुलासारखे. असलं काहीतरी का आठवावं! मी काकांना म्हटलं, काका, मला टाकी द्या, मी खाली जाते. काका म्हणाले, डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारीच आहेत, त्यांच्याआधी तुम्ही पोहोचणार आहात का? बसा. मी बसले. उठले. पुन्हा बसले. वन्सं म्हणाल्या, अगं, बोट हलते.

एकतीस मिनिटांनी दोरीजवळ बुडबुडे. दोघांचे! दोन वेगळे झोत. मी रडले, वन्संना वाटलं ऊन लागलं.

तीन मिनिटं खाली थांबून ते वर आले. तो पुढे, कुणाच्या काखेत लटकलेला नाही. शांत. शिडी चढला, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "मंडळी, डॉक्टरीणबाईसुद्धा भाताच निघाल्या! एकतीस मिनिटांत खलास. बरं झालं कुणीतरी खाली टाकी सोडली होती. मी त्यांना तिच्यावर लावलं, म्हणून निभावलं."

सगळे हसले. डॉक्टरीण शिडीच्या शेवटच्या पायरीवर होती. चेहरा पांढरा. तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी तिला टाकी उतरवायला मदत केली. तिचा काटा माझ्या हाताशीच होता: एकशेवीस. त्याची टाकी काकांनी उचलली: पंचेचाळीस. पिवळी वर ओढली: दोनशेची एकशेचाळीस. काकांनी तिन्ही आकडे खडूने लिहिले. या वेळी पुसले नाहीत. पण टाक्यांकडे बघतंय कोण? त्याला चहा पाहिजे होता. मी ओतला. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

घरी येऊन एकच विचार. म्हणजे डॉक्टरणीनेही छातीवर बोट ठेवलं! पहिल्याच डायव्हला. तिला काय पडलं होतं? नवरा माझा, खोटं माझं! मला चक्क मत्सर वाटला. आपण कशाचा मत्सर करू शकतो ते बघून थक्क व्हायला होतं.


३० मार्च, सोमवार

डॉक्टरीण दुकानात आली. चष्मा नको होता. दार लावून घेऊ का विचारलं, मग स्वतःच लावलं.

मी तिला बोलू दिलं नाही आधी. म्हटलं, त्याला सांभाळून घेतलंस ते बरं केलंस, पण सवय लावू नकोस. मी लावली आणि भोगतेय.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ताई, मी काही केलंच नाही. तिसाव्या मिनिटाला त्यांनी स्वतःचा काटा उचलून बघितला. आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं."

स्वतःच्या नव्हे — तिच्या छातीवर, त्याने. ती म्हणे मान हलवत राहिली, नाही, माझ्याकडे भरपूर आहे, काटा पुढे करून दाखवला. त्याने पुन्हा बोट ठेवलं, जोरात, आणि अंगठा वर. पाच मीटरवर पिवळी टाकी दिसली तेव्हा स्वतः तिच्यावर गेला. वर आल्यावर बोलणार होती, तर सगळे हसत होते. हसणाऱ्या बारा माणसांना काय सांगणार? त्याच्याबरोबर ती पुन्हा जाणार नाही. क्लबातही येणार नाही बहुतेक.

मी म्हटलं, त्याला काटा वाचता येणारच नाही, त्याला जवळचं दिसत नाही. अंदाजाने बघितला असेल, हातभर लांब धरून.

"हातभर नाही," ती म्हणाली. "नाकाशी धरला होता."

मी तिला चहा दिला. जाताना तिने माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि लगेच काढून घेतला.


३१ मार्च, मंगळवार

तो ऑफिसला गेल्यावर कपाटातून पेटी काढली. मास्कला आतून, खालच्या कडेला, दोन छोट्या अर्धचंद्र काचा. डिंक पिवळा पडलेला, वर्षानुवर्षांचा. प्लस दोन. डावीच्या कडेला टवका.

मास्क डोळ्यांना लावून ही वही उघडली. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसतं.